विलीज जीप: 6 व्होल्ट ठेवायचे की 12 करायचे?

दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी मुळात 6 व्होल्टची. सेल्फ रडत फिरला, दिवे मिणमिणले, की मालकाला 12 व्होल्टची घाई होते. पण दोष बहुधा वायरिंगचा असतो. तेवढ्याच कामाला 6 व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो. त्यामुळे गंजलेल्या अर्थिंगवर अर्धा व्होल्ट गळाला तरी आठ टक्के गेले. 12 वर तोच सांधा दोनेक टक्क्यांवर निभावतो. त्यात कुणीतरी आजच्या कारच्या बारीक बॅटरी केबल टाकलेल्या असतात! आधी जाड केबल टाका, इंजिन-चासीमधली अर्थ पट्टी घासून आवळा, मग ठरवा.

12 व्होल्टचा खरा फायदा म्हणजे बॅटरी आणि बल्ब कुठेही मिळतात. मात्र कॉइल, डायनमो, रेग्युलेटर बदला, पेट्रोलच्या काट्याला व्होल्टेज कमी करणारा रिड्यूसर लावा. ऑइल प्रेशर आणि तापमानाचे मीटर यांत्रिक, त्यांना फरक पडत नाही. जुना सेल्फ 12 वर चालतो, पण बेंडिक्सला (सेल्फचा दातेरी गिअर इंजिनात अडकवणारा भाग) दणके बसतात.

रोज रात्री चालवणार असाल तर 12 करा. नाहीतर माझं मत 6 लाच. 1950 च्या सुमारास आलेल्या विलीजच्या पुढच्या लष्करी जीपला, एम38 ला, हा प्रश्न नाही, ती कारखान्यातूनच 24 व्होल्टची.