अमिगा १२०० मधली हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड बसवलं, त्याला आठ महिने झाले

पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं. थांबलो ते बरं झालं, कारण खरी मजा तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली.

मशीन म्हणजे कमोडोर कंपनीचा अमिगा १२०० हा जुना घरगुती संगणक. मॉडेल १९९२ चं, १४ मेगाहर्ट्झचा ६८ईसी०२० प्रोसेसर, २ एमबी चिप रॅम (ग्राफिक्सच्या चिपशी वाटून घेतलेली), आणि खालच्या खणात मी नंतर बसवलेलं ४ एमबी फास्ट रॅमचं (एकट्या प्रोसेसरची, म्हणून वेगवान) कार्ड. ८ एमबीचं मुद्दाम घेतलं नाही. तेवढी रॅम बसवली की ती पीसीएमसीआयए स्लॉटच्या (बाहेरून कार्ड घालायची खाच) मेमरी-पत्त्यांवर बसते आणि तो स्लॉट गेलाच म्हणून समजा. मला तो हवा होता, का ते पुढे येईलच.

आत अडीच इंची ८० एमबीची हार्ड डिस्क होती. ती मेली म्हणून बदलली नाही, चालत होती. पण चालू करताना जात्यात खडा आल्यासारखा आवाज यायचा, आणि कधी कधी पहिल्या झटक्यात ती फिरायचीच नाही. मग मशीन बंद करा, कव्हरवर तळहाताने दोनदा थोपटा, पुन्हा चालू करा. हे असं वर्षभर केल्यावर एक दिवस वाटलं की पुरे.

तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड घेतलं. एसडी कार्डाचे अडॅप्टरही मिळतात, पण त्यात मध्ये एक दुभाषी चिप लागते. कॉम्पॅक्टफ्लॅशला आयडीई, म्हणजे हार्ड डिस्कशी बोलायची, भाषा जात्याच येते, त्यामुळे अडॅप्टरमध्ये डोकं असं काही नसतंच, नुसत्या ५० पिनांच्या ४४ करून दिलेल्या असतात. बिघडण्यासारखं जितकं कमी तितकं चांगलं, असा माझा हिशेब.

कार्ड ४ जीबीचं. सगळे विचारतात, ३२ किंवा ६४ चं का नाही? माझ्या मशीनमध्ये ३.१ आवृत्तीच्या रॉम, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ भाग साठवलेल्या चिप, आहेत. त्यातला आयडीई ड्रायव्हर आणि डिस्कवर फाइल्स मांडणारी फास्ट फाइल सिस्टिम दोघंही डिस्कवरची जागा ३२ बिटांत, बाइटमध्ये मोजतात. चार जीबीच्या पलीकडे लिहायला गेलं की आकडा भरून पुन्हा शून्यावर येतो आणि नवीन फाइल निमूटपणे डिस्कच्या सुरुवातीला, म्हणजे बूट पार्टिशनच्या डोक्यावर जाऊन बसते. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. २०१८ च्या ३.१.४ आणि २०२१ च्या ३.२ आवृत्तीत ही मर्यादा गेली आहे, पण त्यासाठी रॉम बदलाव्या लागतात आणि मला मदरबोर्डावरच्या चिप उपटायची हौस नव्हती. चार जीबी लिहिलेलं कार्ड प्रत्यक्षात थोडं कमीच भरतं, त्यामुळे ते मर्यादेच्या आत राहतं. आणि ८० एमबीत संसार केलेल्या माणसाला ४ जीबी म्हणजे पन्नास पट घर.

बसवायला वीस मिनिटं लागतात म्हणतात. मला दोन तास लागले, त्यातला एक तास केबलने खाल्ला. ४४ पिनांच्या या कनेक्टरमध्ये २० नंबरची पिन नसते आणि केबलच्या बाजूला तेवढं भोक बुजवलेलं असतं, म्हणजे चुकीचं लागू नये. माझ्या केबलची सगळी भोकं उघडी होती. अडॅप्टरसोबत आलेली ती केबल विकणाऱ्याने बहुधा कधी लावून पाहिलीच नसावी. पिनांमधलं अंतर फक्त २ मिलिमीटर, आणि माझे हात कीबोर्ड वर धरण्यात अडकलेले. बसली असं वाटलं. पॉवर देण्याआधी सहज टॉर्च मारून पाहिलं तर कनेक्टर एक रांग सरकून बसला होता. ४१ आणि ४२ नंबरच्या पिनांवर ५ व्होल्ट असतात, ते भलत्याच पिनांवर गेले असते. त्या क्षणी पोटात गोळा आला तो अजून आठवतो. आता त्या भोकात मी सुईच्या टोकाने प्लॅस्टिकचा तुकडा बसवून टाकला आहे. अडॅप्टरखाली जाड पुठ्ठाही घातला, नाहीतर त्याचे उघडे टाके पत्र्याच्या शील्डला टेकतात.

कार्डाची तयारी पीसीवर विनयूएई या अमिगाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये केली. ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं नाही तर कार्ड दिसतच नाही. आणि विंडोज कार्ड बघताच 'इनिशियलाइझ करू का', 'फॉरमॅट करू का' असं विचारतं, तिथे चुकूनही हो म्हणू नका. जुन्या डिस्कवरच्या फाइल्स पीसीएमसीआयए स्लॉटमध्ये दुसरं कार्ड घालून, कॉम्पॅक्टफ्लॅश डॉट डिव्हाइस आणि फॅट९५ (पीसीचं कार्ड अमिगाला वाचता यावं म्हणूनचे ड्रायव्हर) वापरून आणल्या. स्लॉट हवा होता तो यासाठी, आणि पीसीवरून फाइल आणायला आजही तोच रोज वापरतो.

पहिले पंधरा दिवस स्वर्ग. मग एक मोठं एलएचए (झिपसारखं) पॅकेज उघडताना सीआरसी चूक, म्हणजे डेटा बिघडल्याची सूचना, आली. फाइल पुन्हा आणली, पुन्हा तेच. एक चित्र उघडलं तर वरचा भाग ठीक आणि खाली रंगीत पट्ट्यांची गोधडी. छोट्या फाइल्स मात्र सगळ्या ठणठणीत. मी दोन संध्याकाळी रॅम कार्डावर संशय घेत घालवल्या, ते काढलं, घातलं, पट्ट्या खोडरबरने पुसल्या. दोष रॅमचा नव्हताच. एचडीटूलबॉक्स या अमिगाच्या डिस्क-मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये पार्टिशनच्या प्रगत पर्यायांत मॅक्सट्रान्सफर नावाचा एक आकडा असतो, एका दमात किती डेटा मागायचा तो. मूळ किंमत प्रचंड ठेवलेली असते. आयडीईच्या आदेशात सेक्टरांची संख्या ८ बिटांत जाते, म्हणजे २५६ हा आकडा शून्य म्हणून पाठवावा लागतो, आणि नेमकं तिथे काही कार्डं अडखळतात. आकडा हेक्समध्ये १एफई०० केला, म्हणजे १,३०,५६० बाइट, बरोबर २५५ सेक्टर. तेव्हापासून एकही फाइल बिघडलेली नाही. आधी बिघडलेल्या मात्र बिघडलेल्याच, त्यामुळे जुनी डिस्क पुन्हा जोडून सगळं नव्याने आणलं. दुसऱ्या थोपटीला फिरली बिचारी.

या अपग्रेडमध्ये कोणतं कार्ड घेतलं यापेक्षा हा एक आकडा जास्त महत्त्वाचा आहे, आणि अडॅप्टरसोबत आलेल्या कागदावर त्याचा उल्लेखही नव्हता.

तिसऱ्या महिन्यात फाइल लिहीत असताना वीज गेली. परत चालू केल्यावर फास्ट फाइल सिस्टिमने पार्टिशन तपासायला घेतलं. एवढ्या मोठ्या पार्टिशनवर ते संपेचना, आणि तोवर त्यावर काही लिहिताही येत नाही. त्याच आठवड्यात पीएफएस३ या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर गेलो. त्याला ही तपासणी लागत नाही, आणि डिलीट केलेल्या फाइल्स काही काळ डेलडिर नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये सापडतात. त्या फोल्डरने मला दोनदा वाचवलंय. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर एक रविवार वाचला असता.

वेगाबद्दल फार आशा ठेवू नका. कार्ड कितीही वेगवान असो, या मशीनचा आयडीई पोर्ट सगळ्यात संथ पीआयओ पद्धतीने चालतो आणि डेटाचा प्रत्येक दोन बाइटांचा तुकडा प्रोसेसर स्वतः उचलून आणतो. मला सिसइन्फो या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सेकंदाला दोन एमबीच्या आसपास मिळतात, तेही फास्ट रॅम आहे म्हणून. कार्डावर छापलेला आकडा इथे निव्वळ शोभेचा. फरक जाणवतो तो शेकडो बारीक फाइल्स असलेला ड्रॉवर (फोल्डर) उघडताना, कारण हार्ड डिस्कसारखं वाचणारं डोकं इकडून तिकडे पळवायला लागत नाही. वर्कबेंच, म्हणजे अमिगाचा डेस्कटॉप, आधीच्या निम्म्याहून कमी वेळात समोर येतं. फ्लॉपीवरचे खेळ डिस्कवरून चालवणाऱ्या डब्ल्यूएचडीलोडमधून खेळ चालवणंही आता फ्लॉपी शोधण्यापेक्षा सोपं झालंय.

सगळ्यात मोठा बदल शांततेचा, आणि त्याचीच सवय व्हायला वेळ लागला. अमिगाला शटडाउन नसतं, लिहून झालं की बटण बंद. आधी कान सांगायचे की डिस्क अजून कुरकुरतेय, थांब. आता कानाला काही कळत नाही. एकदा सवयीने बटण दाबलं आणि तेवढ्यात डिस्कचा दिवा लुकलुकताना दिसला. नशिबाने तोवर पीएफएस३ बसवलेलं होतं. आता दिवा विझल्यावर मनात पाचपर्यंत मोजतो.

तक्रार एकच, बॅकअपसाठी दर वेळी मशीन उघडावं लागतं. कार्ड बाहेरून काढता यावं म्हणून काहीजण मागे एक्स्टेंशन काढतात, पण लांब केबलवर माझा विश्वास नाही. महिन्यातून एकदा स्क्रू काढतो आणि अख्ख्या कार्डाची इमेज पीसीवर घेतो.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मशीन बराच वेळ बंद असेल तर दहातून एखाद्या वेळी कार्ड सापडत नाही आणि पडद्यावर फ्लॉपी मागणारं चित्र येतं. दुसऱ्या बनावटीचं कार्ड लावून पाहिलं, प्रमाण कमी झालं, पण गेलं नाही. कंट्रोल आणि दोन्ही अमिगा कळा एकदम दाबल्या की लगेच चालू होतं. थोपटावं तरी लागत नाही.