एजंटाचा पूर्वेतिहास कुठे वाचायला मिळतो? तीन सार्वजनिक नोंदवह्यांचे परीक्षण

घर घेताना किंवा विकताना ज्या माणसाच्या शब्दावर आपण आयुष्याची पुंजी गुंतवतो, त्याच्यावर पूर्वी गैरवर्तनाबद्दल कारवाई झाली आहे का, हे व्यवहाराआधी कळण्याचा हक्क ग्राहकाला असायला हवा. अनेक देशांतील नियामक संस्था त्यासाठी परवानाधारक एजंटांची नोंदवही सर्वांसाठी खुली ठेवतात. न्यूझीलंड, अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि भारत या तीन ठिकाणच्या व्यवस्था मी एकाच प्रश्नावर पारखल्या: एजंटाने नेमके काय केले, हे वाचणाऱ्याला कळते का? नुसते ‘परवाना निलंबित’ असे वाचून ग्राहकाच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण कागदपत्रांतल्या त्रुटीमुळेही परवान्यावर गंडांतर येऊ शकते आणि इसाराची रक्कम भलतीकडे वळवल्यामुळेही.

तिन्हींत न्यूझीलंडची व्यवस्था मला सर्वांत उपयुक्त वाटली. तिथे पूर्वी तक्रारींच्या निवाड्यात व्यावसायिकांच्या स्वतःच्या संघटनेचा मोठा वाटा होता आणि त्यावर ग्राहकांचा विश्वास उरला नव्हता. २००८ च्या रिअल इस्टेट एजंट्स अ‍ॅक्टने हे काम स्वतंत्र नियामकाकडे दिले. ती संस्था आज रिअल इस्टेट अथॉरिटी या नावाने ओळखली जाते. या कायद्याची मला सर्वाधिक भावलेली गोष्ट म्हणजे त्याने एजंटांच्या चुकांच्या दोन पायऱ्या पाडल्या आहेत. सक्षम एजंटाकडून सामान्य माणूस ज्या दर्जाची अपेक्षा ठेवेल, त्याहून खालचे काम झाले, तर ते ‘असमाधानकारक वर्तन’ ठरते. लाजिरवाणे वागणे, गंभीर निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेला नियमभंग हे ‘गैरवर्तन’ ठरते. पहिल्या प्रकाराचा निकाल तीन सदस्यांची तक्रार समिती देते. ती ताकीद देऊ शकते, माफी मागायला लावू शकते, घेतलेले कमिशन परत करायला सांगू शकते आणि व्यक्तीला १०,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड करू शकते. गैरवर्तनाचा आरोप मात्र शिस्तपालन न्यायाधिकरणापुढे जातो, आणि परवाना रद्द करण्याचा किंवा २४ महिन्यांपर्यंत निलंबित ठेवण्याचा अधिकार त्याला आहे.

या समित्यांचे आणि न्यायाधिकरणाचे निकाल कारणांसह प्रसिद्ध होतात, आणि तीच या सेवेची खरी किंमत आहे. एजंटाने अशिलाचे, म्हणजे ज्याच्या वतीने तो काम करतो त्याचे, घर स्वतःसाठी किंवा नातलगासाठी घ्यायचे ठरवले, तर अशिलाची माहितीपूर्ण लेखी संमती आणि स्वतंत्र मूल्यांकन बंधनकारक आहे. घरातला दोष त्याला ठाऊक असेल, तर तो खरेदीदाराला सांगावाच लागतो. दोष दडलेला असण्याची शक्यता जाणकार एजंटाच्या लक्षात यायला हवी होती, अशा प्रसंगीही त्याला गप्प बसता येत नाही. नियम म्हणून हे कोरडे वाटते, परंतु निकालपत्रात कोणी, कोणाला, कधी आणि काय सांगितले याचा क्रम सापडतो, तेव्हा आपल्या एजंटाला कोणते प्रश्न विचारायचे हे आपोआप उमगते. तक्रार करण्यासाठी स्वतःचे नुकसान झालेले असण्याची अटही तिथे नाही. कोणीही व्यक्ती तक्रार करू शकते. उणीव आहे ती मुदतीची. नोंदवहीत एजंटाच्या नावापुढे गेल्या ३ वर्षांतल्याच कारवाईचा तपशील ठेवण्याची तरतूद आहे, आणि घरासारखा व्यवहार लोक आयुष्यात एकदोनदाच करतात हे पाहता हा काळ मला फारच अपुरा वाटतो.

या बाबतीत कॅलिफोर्निया सरस आहे. तिथल्या डिपार्टमेंट ऑफ रिअल इस्टेटच्या संकेतस्थळावर नाव किंवा परवाना क्रमांक टाकला की परवान्याची स्थिती आणि शिस्तभंगाची कारवाई दिसते. जुनी नोंद काढून टाकावी असा अर्ज परवानाधारकाला करता येतो, पण तो १० वर्षांनंतरच, आणि अर्ज केला म्हणजे नोंद निघालीच असे नसते. कायद्यातील गैरवर्तनाची यादीही स्पष्ट आहे: खोटी आश्वासने, छुपा नफा आणि अशिलाचे पैसे स्वतःच्या पैशांत मिसळणे. शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे. अशिलाचा एक पैसाही बुडाला नसला, तरी त्याची रक्कम एजंटाच्या खासगी खात्यात मिसळणे हाच तिथे स्वतंत्र अपराध आहे, आणि ते योग्यच आहे. पैसे एकदा एकत्र झाले की कोणते कोणाचे, हे सांगता येत नाही, आणि एजंट कर्जात बुडाला तर त्याला कर्ज देणारे त्या खात्याकडे वळतात. फसवल्या गेलेल्या आणि न्यायालयाचा निवाडा मिळूनही वसुली न झालेल्या ग्राहकासाठी तिथे भरपाई निधीही आहे. त्यातून एका व्यवहारामागे ५०,००० डॉलरपर्यंत आणि एका परवानाधारकामागे एकूण २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते.

भारतातील व्यवस्था २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायद्यावर उभी आहे आणि एजंटांच्या नोंदणीच्या तरतुदी १ मे २०१७ पासून लागू झाल्या. त्याआधी एजंटांना बांधून ठेवणारा असा देशव्यापी कायदा नव्हता, म्हणून या पावलाचे मोल मी कमी मानत नाही. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर विकायला मदत करणे, सेवेबद्दल किंवा प्रकल्पाबद्दल खोटे चित्र उभे करणे, हिशेबाची कागदपत्रे न ठेवणे, हे सारे कलम १० च्या विरुद्ध आहे. कलम ६२ प्रमाणे अशा उल्लंघनाला दिवसाला १०,००० रुपये असा दंड आहे आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. म्हणणे मांडण्याची संधी देऊन नोंदणी निलंबित किंवा रद्दही करता येते. शिक्षेच्या बाबतीत कायदा कमजोर नाही.

नोंदवहीच्या बाबतीत मात्र तो एका जागी आखडला आहे. कलम ३४ वाचताना हा फरक माझ्या ध्यानात आला. ज्या विकासकांची नोंदणी रद्द झाली आहे किंवा ज्यांना दंड झाला आहे, त्यांची नावे व छायाचित्रे कारणांसह संकेतस्थळावर ठेवायला हे कलम सांगते. एजंटांबाबत मात्र नोंदणी झालेल्यांबरोबर ज्यांची नोंदणी नाकारली किंवा रद्द झाली, त्यांची नावे व छायाचित्रे ठेवावीत एवढेच म्हणते. दंड भरून नोंदणी टिकवलेल्या एजंटाची नोंद याच यादीत कारणासह दाखवण्याची सक्ती तिथे नाही. खरेदीदाराशी थेट बोलणारा, त्याला साइटवर नेणारा आणि त्याच्याकडून पहिला धनादेश घेणारा माणूस बहुधा एजंटच असतो. त्याच्या बाबतीत कारणांचा उल्लेख का गाळला, हे मला पटत नाही.

दुसरी मर्यादा व्याप्तीची आहे. एजंटाने नोंदणी करावी हे बंधन रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीपुरते आहे. जुन्या सोसायटीतला रिसेलचा फ्लॅट किंवा भाड्याचे घर दाखवणारा मध्यस्थ या चौकटीत येत नाही, त्यामुळे त्याचे नाव यादीत सापडले नाही म्हणून तो अप्रामाणिक ठरत नाही. उलट, नाव सापडले तरी रिसेलच्या त्या व्यवहारात नोंदणीचे कवच मिळेल असे गृहीत धरू नये. नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्याने मात्र एजंटाचा नोंदणी क्रमांक लेखी मागून घ्यावा. प्रत्येक विक्रीत तो क्रमांक नमूद करण्याचे बंधन कायद्यानेच एजंटावर घातले आहे, आणि तो द्यायला टाळाटाळ होत असेल, तर इसार देण्याआधीच थांबावे.