सणावारांचा टेबल-सेट, वर्षभर वापरल्यावर (पायपिंगबद्दल जरा जास्तच लिहिलंय)

पेटीत काय काय येतं ते पुन्हा लिहीत बसत नाही. 4 दुहेरी रनर (टेबलाच्या मधोमध अंथरायच्या लांब पट्ट्या, दोन बाजूंना दोन रंग), 6 मॅट, 6 नॅपकिन आणि त्या लाकडी रिंगा, हे एव्हाना निम्म्या ठाण्याला पाठ आहे. मागच्या दिवाळीच्या तोंडावर नौपाड्यातल्या एका प्रदर्शनातून 2,800 रुपयांना घेतला. घासाघीस केली, एक रुपया सुटला नाही. आता लिहायला बसले ती गौरीजेवणामुळे. नणंदेच्या यजमानांच्या पांढऱ्या झब्ब्यावर कटाची आमटी सांडली, आणि ती त्यांनी नाही, मॅटनं सांडली.

कशी, ते ऐका. मॅट 18 बाय 12 इंचांचं. कडेनं जाड पायपिंग, आत सुतळीएवढी दोरी भरलेली. पायपिंगच्या आत जेमतेम 11 इंच जागा उरते. आपलं जेवणाचं ताट साडेबारा इंचांचं. म्हणजे ताटाची एक कड मॅटवर टेकते आणि दुसरी दोरीवर चढते. पुढे ढकललं की ते जेवणाऱ्याच्या अंगावर कलतं, जवळ ओढलं की पलीकडे. पोळीचा तुकडा मोडायला जरा हात दाबला की ताट डुलतं आणि उजवीकडची आमटीची वाटी घसरते. डावीकडची चटणी-कोशिंबीर बिचारी जागच्या जागी असते, तिला काय धाड भरलीय.

मग मॅट उभं लावा, असं कुणीतरी सुचवेल. लावलं. आमचं टेबल पाच बाय तीन फुटांचं, म्हणजे रुंदी 36 इंच. समोरासमोरची दोन उभी मॅट 18 आणि 18, झाले 36. रनर काय डोक्यावर घ्यायचा? आडवी लावली तर मधे 12 इंच उरतात आणि रनर आहे 13 इंचांचा. तिथेही पायपिंगवर पायपिंग.

विकणाऱ्यांना फोन केला. "मॅडम, मॅट दहा इंची डिनर प्लेटसाठी आहे." म्हटलं, पेटीवर गुढी, मोदक, कंदील छापलेत, मग जेवणारे ताट घेणार की नाही? "ताई, तुम्ही प्लेट वापरून बघा ना, लूक छान येतो." तुमच्या जाहिरातीतल्या फोटोत श्रीखंड-पुरी केकच्या बशीत आहे आणि शेजारी काटा ठेवलाय, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर सेट बदलून मिळणार नाही एवढंच उत्तर आलं, तेही दुसऱ्या दिवशी, हात जोडलेल्या चित्रासह.

रनरबद्दल मात्र माझी तक्रार नाही. खण म्हणून विकतात, पण हा काही गुळेदगुड्डचा हातमागाचा खण नव्हे, उघड उघड पॉलिस्टर मिसळलेलं कापड आहे. एका अर्थी बरंच, धुतला तरी रंग जात नाही. लांबी 72 इंच, दोन्ही टोकांना सहा-सहा इंच सुरेख लोंबतो. संक्रांतीची काळी बाजू सगळ्यात देखणी, चंद्रकळेसारखे पांढरे ठिपके आहेत. फक्त हलव्याची साखर तिच्यावर सांडली की लगेच दिसते, म्हणून तिळगूळ झाकणाच्या डब्यातच ठेवा. पाडव्याला पिवळी, श्रावणात हिरवी. नवरात्रात रोज वेगळा रंग हवा म्हणून मुलगी मागे लागली होती, तिला ओढण्या अंथरायला सांगितलं. सजावट मधोमध करा असं पेटीतल्या कागदावर लिहिलंय, पण आपल्याकडे मधोमध भाताचं पातेलं आणि आमटीचं भांडं येतं. फुलं टेबलाच्या एका टोकाला सरकवली की काम भागतं. जांभळी नाक्यावरून पावशेर झेंडू आणला की पुरतो.

श्रावणी सोमवारी मॅटवर केळीची पानं मांडून पाहिली. पान पायपिंगवर वाकतं आणि वरण थेट खोलगट भागाकडे धावतं. आई (सासूबाई) म्हणाल्या, "अगं, पानाखाली कशाला हवंय ते? काढ आधी." काढलं.

नॅपकिनला मी एक तारा देणार होते. मोतिया रंगाचं सुती कापड, त्यावर हळद पडणारच. साबण लावला की डाग लालभडक होतो, कारण हळदीचा रंग साबणातल्या अल्कलीनं बदलतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतोच. धुऊन काढला की पुन्हा पिवळा. गणपतीभर ठाण्यात पाऊस, कपडे घरातच दोरीवर, डाग जसेच्या तसे. इथवर लिहून ठेवलं होतं. मग ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि ओले नॅपकिन गॅलरीत टाकले, तर आठवडाभरात डाग नाहीसेच झाले. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. नॅपकिनला आता चार तारे.

आणि याच दिवाळीत मॅटबद्दलही जरा नरमले. फराळाच्या बशा सात-आठ इंची. त्या पायपिंगच्या आत ऐटीत बसतात, शेजारी चहाचा कपही मावतो, आणि चकलीचा चुरा दोरीला अडून जमिनीवर जात नाही. राम मारुती रोडची दिवाळी पहाट आटोपून मुलीचा सगळा घोळका फराळाला आला, फोटोही काढून गेला. तेव्हा हा सेट फराळाचा, चहाचा, नाताळच्या केकचा. जेवणाचा नाही. पेटीवर तसं छापलं असतं तर मी भांडले नसते.

पायपिंग काढून द्यायला शिंप्यानं मॅटमागे 40 रुपये सांगितले. सहाचे 240. त्यापेक्षा कोपऱ्यातली शिवण ब्लेडनं बोटभर उसवा आणि दोरी ओढा, सरळ बाहेर येते. कड थोडी चुरगळते, इस्त्रीनं बसते. दोन मॅटवर केलंय, त्यांच्यावर ताट आता हलत नाही. बाकीची चार फराळासाठी तशीच ठेवलीत. निघालेली दोरी तोरण ओवायला लागली.

यंदाच्या पेटीत मॅट गोल आहेत, 15 इंची, किंमत 3,200. पायपिंग आहेच. नुसता रनर सुटा मिळेल का विचारलंय, अजून उत्तर नाही.