दिवाळीत घरी कोणता लावायचा: ‘ओह माय गॉड’ की ‘थँक गॉड’?

भाऊबीजेला लातूरला सगळे जमले, की रात्री एखादा हसवणारा सिनेमा लागतोच. नशीब फुटलेल्या माणसाची देवाशीच गाठ पडते, ही गोष्ट या दोन्हींत आहे. माझं मत २०१२च्या ‘ओह माय गॉड’ला. कानजीचं मुंबईतलं दुकान भूकंपात कोसळतं, विमा कंपनी ‘देवाची करणी’ म्हणून हात वर करते आणि तो देवालाच कोर्टात खेचतो. परेश रावल तिथं बोलायला लागला, की आमच्या आजीचीही जपमाळ थांबते. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट, तीही गणपती विसर्जनानंतरची, ज्यांनी भोगली त्यांना कानजीचा राग समजावून सांगावा लागत नाही. आणि मोटारसायकलवरून येणारा कृष्ण त्याला आयतं काही देत नाही, गीता वाचायला लावतो, लढायला लावतो. हे मला फार आवडतं.

२०२२च्या दिवाळीतला ‘थँक गॉड’ दिसायला चकचकीत. नोटाबंदीत बुडालेला घरांचा दलाल अपघातानंतर अजय देवगणच्या चित्रगुप्तासमोर येतो, मग पाप-पुण्याचा खेळ सुरू. पोरं रमतील, पण उपदेश जास्त, हसू कमी. तो दुपारी फराळ करता करता लावा, रात्री कानजीच.