टिप्परच्या एक्सलला पंचाचे ठिपके आणि मला टोपी

खाणींच्या काळातले टिप्पर अजून ज्यांच्या दारात उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. खनिज गेलं आणि त्याच गाड्या चिरे, खडी ओढायला लागल्या. गाडी जुनी, धंदा बेताचा. त्यात मागच्या चाकाचं काम असं, की हब (चाक ज्यावर बसतं तो मधला तुंबा) एकदा चढवला की आत नवं घातलंय की जुनं, ते बाहेरून कुणालाच कळत नाही.

माझा टिप्पर डिचोलीकडचा, सहा चाकी. मागच्या उजव्या चाकातून घरघर यायला लागली म्हणून हायवेलगतच्या एका गॅरेजमध्ये गाडी लावली. त्यांनी जॅक मारला, टायरखाली पहार घालून चाक हलवून दाखवलं. प्ले, म्हणजे चाकाला ढिलेपणा होता, आणि तो खराच होता. "बाब, बेरिंगं गेली. एक्सलपण घासलाय, लेथवर भरून आणावा लागणार." म्हणजे झिजलेल्या जागी लोखंड भरून लेथवर मापात आणायचं. दोन्ही बाजूंची चार बेरिंगं, ऑईल सील आणि लेथचं काम मिळून २८,००० रुपये घेतले. बदल्यात वहीच्या पानावर लिहिलेली चिठ्ठी. जुनी बेरिंगं मागितली, तर भंगारवाला घेऊन गेला म्हणाले. इतक्या तत्परतेने आमच्या गावातला भंगारवाला कधी येत नाही.

थोड्याच दिवसांत चोर्ला घाट उतरताना जळक्या ग्रीसचा वास आला. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायला लागली. खाली येऊन बघितलं तर उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला तेल ओघळलेलं. साखळी गावच्या एका जुन्या मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे, गाडी नेली. त्याने आधी चाक काढलंच नाही. गाडीखाली वाकून एक्सल कमानपाट्यांना बांधणारे यू-बोल्ट बघितले आणि विचारलं, "लेथवर नेला म्हणतोस, मग ही माती कोणी काढली नाही ती?" यू-बोल्टांवर लाल माती चिऱ्यासारखी घट्ट बसलेली, नटांना पाना लागल्याची एक खूण नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाड्यांत आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो, वजन घेत नाही. त्याचे बोल्ट काढले तर गाडी चाकांवर उभी असतानाही तो ओढून बाहेर येतो. सगळा भार असतो एक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या, म्हणजे हाउजिंगच्या टोकावर, आणि हबची दोन्ही बेरिंगं बसतात तीही तिथेच. ते टोक झिजलं तर लेथवर चढवायला माझ्या गाडीत अख्खं हाउजिंगच खाली उतरवावं लागतं. यू-बोल्ट न सोडता ते होणं शक्य नाही.

हब काढल्यावर बाकीचं दिसलं. उजव्या बाजूला आतल्या बेरिंगची कोन (रोलर असलेली आतली कडी) नवी, पण हबमध्ये ठोकून बसवलेला कप (बाहेरची कडी) जुनाच, रोलरच्या वाटेवर खड्डे पडलेला. कप आणि कोन जोडीनेच बदलायचे असतात. खड्ड्यांवरून फिरून नवे रोलरही लवकर सोलतात. डावीकडची दोन्ही बेरिंगं जुनीच होती, डिझेलमध्ये धुऊन ग्रीस भरलेली. या चोरीला मी एकवेळ पैशांची चोरी म्हणेन. हाउजिंगच्या टोकावर मात्र पंचाने, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने, ठिपके मारले होते. ठिपक्याभोवती लोखंड जरा वर येतं, त्यामुळे झिजलेल्या जागेवरही कोन घट्ट बसल्यासारखी वाटते. वजन पडलं की ते उंचवटे चेपतात, कोन जागेवरच फिरायला लागते, उष्णतेने पोलाद निळं पडतं. माझं पडलं होतं. चाक डगमगून सील कापलं गेलं आणि तेल ब्रेकच्या लायनरवर आलं. पुढे हब धरून ठेवणारा लॉकनट सुटला असता तर घाटात चाक हबसकट बाहेर आलं असतं.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणाला, "एक्सलचं काम केलंय, चिठ्ठीत लिहिलंय." पक्कं बिल नसल्याने भांडण अवघड झालंय. तरी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. गाडी धंद्याची असली तरी स्वतःच्या पोटापाण्यासाठी मालकच चालवत असेल तर २०१९ च्या कायद्याखाली तो ग्राहक धरला जातो. "कमर्शियल गाडी, तुमचं कोण ऐकणार" असं कोणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नका.

त्या मेस्ताने काम कसं केलं तेही सांगतो. हाउजिंगचं टोक पुसून त्यावरून नख फिरवायला लावलं, पायरी लागली. मग मायक्रोमीटर लावून माप कागदावर लिहिलं. बेरिंगचे खोके माझ्यासमोर फोडले. नंबर खोक्यावरचा वाचायचा नाही, बेरिंगच्या कडीवर (रेसवर) कोरलेला वाचायचा. उदाहरणार्थ ३२२१६ मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक ८० मिलिमीटर, तेवढं मोजून घेता येतं. नट आवळताना हब फिरवत राहिला, रोलर बसल्यावर गाडीच्या पुस्तकात दिलंय तितका मागे सोडला आणि वॉशरची जीभ दुमडली.

हायवेच्या कडेला कोणी अलीकडे असं "एक्सल भरण्याचं" काम करून घेतलं असेल, तर आजच गाडीखाली वाकून यू-बोल्ट बघा. माती जुनी असेल तर घाटात माल घालण्याआधी हब उघडा.