जुजबंदी, मोरचुदाची खळ आणि १८१३ सालचं एक भांडण

लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्यातल्या एका रस्त्यावर, भुसार दुकानांच्या मागच्या बोळात, पाटी नसलेलं एक बाईंडिंगचं दुकान आहे. वर पत्रा, खाली पुस्तक दाबून ठेवायचा एक लाकडी शिकंजा आणि बांधणी करणारे चाचा. गेल्या महिन्यात मी तिथं एक पुस्तक बांधून घेतलं. ज्यांच्याकडं जुनी कागदं, वडिलांच्या वह्या, पोथ्या पडून असतील त्यांच्यासाठी लिहितोय.

मी नौदलात पंधरा वर्षं सिग्नलला होतो. कोणता संदेश किती वाजून किती मिनिटांनी आला, हे लॉगमध्ये लिहिणं हेच माझं काम. म्हणून पेरी आणि एलियट या दोन अमेरिकन नौदल अधिकाऱ्यांचं १८१३ च्या एका लढाईवरून झालेलं भांडण मला कित्येक वर्षं सोडत नाही. त्यांचा पत्रव्यवहार, आरोपपत्र, साक्षी हे सगळं १८२१ साली छापून बाहेर आलं होतं. मी ते उतरवून घेतलं आणि छापून काढलं. आधी दुसऱ्या एका दुकानात दिलं, तर त्यांनी मशीनवर कटिंग करताना वरच्या कोपऱ्यातल्या तारखाच उडवल्या. भांडण सगळं तारखांचं, आणि तारखाच गेल्या. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पुन्हा छापून चाचांकडं गेलो. मला जुजबंदी हवी होती, म्हणजे दुमडलेल्या कागदांचे जुज (छोटे गठ्ठे) घडीतून शिवून केलेली बांधणी. त्यांनी गठ्ठा हातात घेऊन फक्त कड चाचपली. "सुट्या पानाची जुजबंदी होत न्हाई सायेब. वरून भोसकून शिवलं तर पुस्तक उघडायचं न्हाई. मोठ्या कागदावर छापा, मधी दुमडून आणा." तिसऱ्यांदा छापलं. खर्च वाढला, पण त्यांचं म्हणणं खरं होतं.

दुमडलेले जुज लावताना ते थांबले. "ह्यातलं आदी कोन्तं अन् मागून कोन्तं? साल उलटंसुलटं लागायलंय बगा."

मी मुद्दामच तसं लावलं होतं. सगळ्यात वर पेरीचं १८१८ चं आरोपपत्र. कारण एलियटवर माझा राग होता. १० सप्टेंबर १८१३, अमेरिका-कॅनडा सीमेवरचं एरी सरोवर. अमेरिकेची नऊ जहाजं, ब्रिटिशांची सहा. अठ्ठावीस वर्षांचा पेरी 'लॉरेन्स'वर, त्याच्याखालोखालचा एलियट 'नायगारा'वर. दोन्ही जहाजं सारखीच, वीस-वीस तोफांची. पावणेबाराला तोफा सुरू झाल्या. अडीच तास 'लॉरेन्स' एकटं मार खात राहिलं: २२ मेले, ६१ जखमी. तेवढा वेळ 'नायगारा' मागं, लांबच. शेवटी पेरी होडीत बसून गोळ्यांच्या माऱ्यातून 'नायगारा'वर गेला, तेच जहाज घेऊन शत्रूच्या रांगेत घुसला आणि लढाई जिंकला. 'नायगारा'वर दिवसभरात मेले दोन.

चाचांना एवढं सगळं सांगितलं नाही. "सालाप्रमाणं लावा," म्हटलं आणि समोर बसून जुज लावू लागलो. सगळ्यात आधी आला १३ सप्टेंबर १८१३ चा पेरीचा अधिकृत अहवाल. त्यात तो स्वतः लिहितो की अडीच वाजता वारा सुटला, म्हणून एलियटला जहाज जवळ आणता आलं, आणि त्यानं ते शौर्यानं आणलं. पुढच्या आठवड्यात एलियटनं कुजबुज थांबवायला पत्र मागितलं, तर पेरीनं तेही कौतुकाचं लिहून दिलं. मग १८१५ ला चौकशी झाली, एलियट सुटला. मग १८१८ ला एलियटचं द्वंद्वाचं आव्हान, आणि उत्तरादाखल पेरीचं आरोपपत्र. त्यावर खटला उभा राहिलाच नाही. १८१९ च्या ऑगस्टमध्ये, चौतिसाव्या वाढदिवशी, पेरी पिवळ्या तापानं गेला.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. पण मी कायम शेवटापासून मागं वाचत आलो होतो. त्या बाकड्यावर पहिल्यांदा क्रमानं वाचलं. एलियटनं जहाज पुढं न्यायलाच हवं होतं, हे माझं मत आजही तेच आहे. वारा पडला होता, रांग मोडू नका असा हुकूम होता, हे त्याचं म्हणणं मला पटत नाही. त्याच मंद वाऱ्यात 'लॉरेन्स' पुढं गेलंच होतं. पण आपल्याच जहाजावरच्या ८३ माणसांचा हिशोब डोळ्यांपुढं असताना पेरीनं ते "शौर्यानं" लिहायला नको होतं. विजयाच्या आनंदात सोबत्याला सांभाळून घेतलं त्यानं. मी लॉगमध्ये असं एक जरी वाक्य लिहिलं असतं तर माझ्या चीफनं पान फाडून तोंडावर मारलं असतं.

आता कामाबद्दल. शिलाई मेण लावलेल्या सुती दोऱ्याची. खळ मैद्याची, ती शिजवताना त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, म्हणून कसर लागत नाही. निळसर झाक माझ्या डोळ्यांनी पाहिली. पाठ कापडी, बाजूला पुठ्ठ्यावर रेक्झिन. कड कापायच्या आधी चाचांनी प्रत्येक जुजातली तारीख बोटानं दाखवून विचारलं, "हितपर्यंत चालंल?" एकही अक्षर गेलं नाही. पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं तर सपाट राहतं, हातानं दाबून धरावं लागत नाही.

२८० रुपये घेतले. चार दिवस सांगितले, नऊ लागले. पावसाळी हवेत खळ वाळत नव्हती, आणि ओलं पुस्तक शिकंज्यातून काढायला चाचा तयार नव्हते. अस्तराचा कागद मात्र पातळ वापरतात, तो जाड हवा असेल तर आपला घेऊन जा. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. जाताना कागद क्रमानं लावून न्या, नाहीतर तिथं बसून लावायची तयारी ठेवा. चाचा घाई करत नाहीत.