आतला दिवा विझत नाही: बल्ब काढावा, फ्यूज काढावा की दाराचं लॉक खोलावं?

गाडी लावली, दारं बंद केली, चार पावलं गेल्यावर मागे पाहिलं तर छतावरचा दिवा तसाच चालू. अशा वेळी दोन प्रश्न एकदम समोर येतात आणि ते एकमेकांत मिसळले की निर्णय चुकतो. पहिला प्रश्न आजच्या रात्री बॅटरी कशी वाचवायची. दुसरा, मूळ दोष कुठे आहे. पहिल्याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं, पण ते दुसऱ्याचं उत्तर समजून बरेचजण तिथेच थांबतात. दिवा विझवणं वेगळं आणि दार बंद आहे हे गाडीला कळणं वेगळं.

काहीही खोलण्याआधी अर्धा मिनिट थांबा. अनेक गाड्यांत दार लागल्यावर दिवा १० ते ३० सेकंद राहून हळूहळू मंद होतो. तो दोष नव्हे.

धोका किती? जुन्या पद्धतीचा १० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ०.८ अँपिअर खातो. असे दोन बल्ब बारा तास जळले तर २० अँपिअर-अवर गेले. लहान गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-अवरची धरली तर जवळजवळ निम्मी उतरली, आणि बॅटरी जुनी असेल तर सकाळी स्टार्टर फिरेलच असं नाही. एलईडी दिवा याच्या काही अंशच वीज घेतो, त्यामुळे तिथे घाई कमी.

आजच्या रात्रीपुरतं

सगळ्यांत सोपा उपाय छतावरच्या दिव्याचाच स्विच. त्याच्या तीन जागा असतात: कायम चालू, दारावर चालणारा, आणि बंद. तो चुकून 'कायम चालू'वर सरकलेला असणं हे फार नेहमीचं कारण आहे. काही गाड्यांत डॅशबोर्डवरच्या मीटरचा प्रकाश कमी-जास्त करणारं चाक, म्हणजे डिमर, शेवटपर्यंत वर फिरवलं की 'टक्' होऊन आतले दिवे लागून राहतात. तेही खाली फिरवून बघा.

स्विचने भागलं नाही तर बल्ब की फ्यूज? माझं मत स्पष्टपणे बल्बच्या बाजूने आहे. बल्ब काढला तर फक्त तो दिवा जातो. फ्यूज काढला तर त्याच्यावर आणखी काय काय जोडलंय हे झाकणावरच्या तक्त्यावरून नेहमी कळत नाही. रेडिओची मेमरी, घड्याळ, कधी रिमोट लॉकसुद्धा त्याच फ्यूजवर असतं. दिवा विझवायला जावं आणि गाडी रिमोटने लॉकच होऊ नये, अशी वेळ येते. बल्ब काढताना मात्र दोन गोष्टी जपा: बराच वेळ जळलेला बल्ब बोट भाजण्याइतका तापतो, आणि काच उचकटायला लोखंडी पेचकस वापरलात तर तो दोन टोकांना टेकून फ्यूज उडू शकतो. प्लास्टिकची पट्टी घ्या. फ्यूज उडालाच, तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा, मोठा कधीही नको.

बॅटरीची ऋण तार सोडणं हा शेवटचा पर्याय. त्याने सगळंच थांबतं, पण अलार्म, रेडिओचा कोड, काचांचं सेटिंग यांचा व्याप मागे लागतो.

दोष कुठे, हे मीटर सांगतं

दारं बंद असताना मीटरवर उघड्या दाराचं चिन्ह दिसतंय का? मला हीच सर्वांत उपयोगी खूण वाटते. चिन्ह दिसत नसेल तर संशय दिव्याचा स्विच किंवा डिमरवर. दिसत असेल तर गाडीला खरोखरच दार उघडं वाटतंय, आणि मग दिवा 'बंद'वर ठेवून फारसा फायदा नाही. नवीन गाड्यांत दार उघडं दिसलं की बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे-लॉक सांभाळणारा छोटा संगणक, बराच वेळ जागं राहू शकतं. झोपलेली गाडी साधारण २० ते ५० मिलिअँपिअर घेते. जागी असेल तर त्याच्या कितीतरी पट. दिवा विझलेला, पण बॅटरी उतरतेच, याचं कोडं बहुधा इथे सुटतं. डिकी आणि बॉनेटही याच हिशेबात धरा.

पिनचा स्विच की लॉकमधला?

दाराच्या चौकटीत रबरी टोपीची छोटी पिन दिसली तर तुमचं काम सोपं आहे. दार उघडलं की पिन बाहेर येते आणि वायर गाडीच्या धातूच्या बॉडीला जोडली जाऊन (म्हणजे 'अर्थ' होऊन) सर्किट पूर्ण होतं. लागलं की पिन आत जाऊन सर्किट तुटतं. पिन बोटाने पूर्ण दाबा. दिवा विझला तर स्विच ठीक आहे, टोपी झिजलीय किंवा दार नीट बसत नाही. नाही विझला तर स्क्रू काढून वायर सोडा: आता विझला तर स्विच खराब, तरीही चालू राहिला तर दुसरं दार किंवा कुठेतरी बॉडीला टेकलेली वायर. वायर सोडण्याआधी तिला चिकटपट्टी लावून ठेवा. ती एकदा दाराशेजारच्या पोकळ खांबाच्या आत घसरली की बाहेर काढताना जीव मेटाकुटीला येतो.

पिन दिसत नसेल तर स्विच दाराच्या लॉकच्या आत आहे. इथे वायर सोडून बघण्याची युक्ती भरवशाची नाही, कारण काही गाड्यांत तुटलेली वायर म्हणजेच 'दार उघडं' असं मॉड्यूल समजतं. त्याऐवजी दार उघडं ठेवून लॉकचा आकडा (दार पकडून ठेवणारा हुक) पेचकसने दोन टप्पे बंद करा आणि दिवा विझतो का बघा. मग हँडल ओढून आकडा पुन्हा मोकळा करायला विसरू नका. तसंच दार आपटलं तर लॉक मोडेल.

असं केल्यावर दिवा विझत नसेल किंवा कधी विझतो कधी नाही असं होत असेल, तर आधी सफाई, मग बदल. आकड्याच्या फटीत गंज सोडवणारा स्प्रे मारा, पंधरा-वीस वेळा उघडझाप करा, वाळल्यावर थोडं ग्रीस लावा. घट्ट झालेलं ग्रीस आणि धूळ यांमुळे आकडा अर्धवट फिरतो, स्विच मुळात चांगला असतो, असं खूपदा निघतं. काही आठवड्यांत दोष परत आला तर मात्र लॉक बदलण्यातच शहाणपण. ते काम पिनसारखं एका स्क्रूचं नाही: दाराचं पॅनेल, आतली प्लास्टिकची चादर, काचेची पट्टी, सगळं हलवावं लागतं. चादर पुन्हा नीट चिकटली नाही तर पावसाचं पाणी आत येतं. त्यामुळे पिन स्वतः बदला, लॉक मात्र हात बसला नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर तुटली असेल, किंवा मॉड्यूलमध्ये पाणी गेल्याची शंका असेल, तरीही त्याच्याकडेच.

दिवा पूर्ण विझत नाही, फक्त काजव्यासारखा मिणमिणतो, आणि तुम्ही नुकताच बाजारातला एलईडी बसवलाय? मग यातलं काहीच करू नका. मॉड्यूलमधून गळणारा बारीकसा प्रवाह साध्या बल्बला पेटवू शकत नव्हता, एलईडीला पुरतो. जुना बल्ब परत लावून बघा. मिणमिण थांबली तर रोधक (रेझिस्टर) आत असलेला एलईडी घ्या.